काळ्या चौकोनांची मोजपट्टी

पांढऱ्या कागदावर सारख्या अंतराने काळे चौकोन काढा. मधल्या पांढऱ्या पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे करडे ठिपके दिसू लागतात. एखाद्याकडे रोखून पाहिलं की तेवढाच नाहीसा होतो. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ लुडिमार हर्मान यांनी १८७० साली हे नोंदवलं. जॉन टिंडल यांचं ध्वनीवरचं पुस्तक वाचताना, त्यातल्या रांगेत मांडलेल्या आकृत्यांमध्ये त्यांना ते ठिपके दिसले होते. नव्वद वर्षांनी जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये त्या जाळ्याची मोजपट्टी झाली.

रिखार्ट युंग यांच्या तिथल्या गटाने १९५२ मध्ये मांजराच्या मेंदूतल्या दृष्टिकेंद्रातून एकेका चेतापेशीचे विद्युत्संकेत टिपले. डोळ्यासमोर सगळीकडे एकसारखा प्रकाश पाडला, तरी कित्येक पेशी ढिम्म राहिल्या. उजेड भरपूर असून त्या गप्प का? उत्तराचा धागा दृष्टिपटलात होता. अमेरिकेत स्टीफन कफलर यांनी १९५३ मध्ये दाखवलं की मांजराच्या दृष्टिपटलातल्या पेशीला स्वतःचा इलाका असतो. काही पेशी मध्यावर उजेड पडला की चेततात आणि भोवतीच्या वलयावर पडला की दबतात; काहींचं नेमकं उलट. मध्यात मावणारा ठिपका चेतणाऱ्या पेशीला सर्वांत जास्त चेतवतो. तो वाढून वलयात शिरला की प्रतिसाद उतरतो.

माणसाच्या निरोगी डोळ्यात इलेक्ट्रोड कसा घालणार? युंग यांचे सहकारी ग्युंटर बाउमगार्टनर यांनी १९६० मध्ये हर्मान यांचं जाळं हाती घेतलं. चौकात वलयावर चारही बाजूंनी उजेड येतो, पट्टीवर दोनच बाजूंनी. चौकातली पेशी जास्त दबते, म्हणून ती जागा करडी दिसते. पट्ट्यांची रुंदी बदलत जायचं. ठिपके सर्वांत ठळक होतात त्या रुंदीवरून मध्याचं माप निघतं. नजर रोखतो तिथे ते, डोळ्याशी होणाऱ्या कोनात मोजलं तर, सुमारे अंशाचा बारावा भाग भरलं. नजरेच्या कडेला ते कितीतरी पट वाढतं. रोखून पाहिलेला ठिपका विरतो तो यामुळेच: तिथल्या पेशीचा अख्खा इलाका पट्टीच्या आत मावतो. छापील कागद आणि पाहणाऱ्याचं प्रामाणिक उत्तर, एवढ्यावर जिवंत माणसाच्या दृष्टीचं हे माप निघालं. मला हा प्रयोग थोर वाटतो.

इलाक्याला पक्कं कुंपण मात्र नसतं. १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांना माकडाच्या दृष्टिकेंद्रात आढळलं की कॉन्ट्रास्ट कमी केला की तीच पेशी सरासरी दुपटीहून रुंद भागातून संकेत गोळा करते. संकेत क्षीण झाला की ती बारकावा सोडते आणि बेरीज वाढवते.

बाउमगार्टनर यांच्या स्पष्टीकरणाला मोठा धक्का दिला तो हंगेरीच्या यानोश गायर यांनी. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत पट्ट्या जराशा नागमोडी केल्या आणि ठिपके गेले, चौकातला उजेड जवळजवळ तेवढाच असूनही. दृष्टिपटलातल्या वलयांवर सगळा हिशेब बसत नाही. रेषेची दिशा ओळखणाऱ्या, मेंदूतल्या पेशींनाही त्यात धरावं लागतं.