विसर नव्हे, नोंदच नाहीं

मुलुंड-घाटकोपरकडील सोसायट्यांतून असा प्रसंग आतां अपरिचित राहिलेला नाहीं. सत्तरी ओलांडलेले आजोबा लहानपणचे पाढे आणि जुन्या चाळींतील शेजाऱ्यांचीं नांवें बिनचूक सांगतात; परंतु ताट उचलून अर्धा तास होत नाहीं तोंच सूनबाईंस विचारतात, "आज मला जेवावयास कां वाढलें नाहीं?" दारांत शेजारीण उभी असते. सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी येतें आणि मुलगा म्हणतो, "बाबा, सोंग पुरे!" वास्तविक त्या घरांत कोणीच खोटें बोलत नसतें.

मेंदूंतील दोन पेशींच्या सांध्यांत अतिसूक्ष्म फट असते. एक पेशी त्या फटींत रासायनिक द्रव्य सोडते आणि दुसरीच्या पृष्ठभागावरील ग्राही, ज्यांस रिसेप्टर म्हणतात, तें झेलतात. नवी स्मृति घडण्याच्या कामीं ग्लुटामेट हें द्रव्य व एनएमडीए नांवाचा ग्राही यांस मोठें महत्त्व आहे. या ग्राहीच्या दारांत मॅग्नेशियमचा कण बसलेला असतो. ग्लुटामेट येऊन पोहोंचलें आणि त्याच वेळीं ती पेशी पुरेशी उत्तेजित झालेली असली, म्हणजेच तो कण दूर होतो, कॅल्शियम आंत शिरतें व सांधा बळकट होतो. अनुभवाची नोंद होते ती अशा बळकट झालेल्या सांध्यांत.

१९०६ सालीं जर्मन वैद्य अलॉईस अल्झायमर यांनीं ज्या विकाराचें वर्णन केलें, त्यांत ही व्यवस्था बिघडते. बीटा-अमायलॉइड प्रथिनाचे लहान पुंजके सांध्यांपाशीं जमतात. त्यांच्या सान्निध्यांत ग्राही पृष्ठभागावरून पेशीच्या आंत ओढले जातात, असें प्रयोगशाळेंत दिसून आलें आहे. उलट सांध्याबाहेरील ग्राहींवर ग्लुटामेटचा सतत मारा होऊन कॅल्शियमच्या अतिरेकानें पेशी मरूं लागतात. नव्या नोंदी करणारा हिप्पोकॅम्पस हा भाग प्रारंभींच सांपडतो. जुन्या आठवणी मेंदूंत इतरत्र पसरलेल्या असल्यामुळें अधिक काळ टिकतात. म्हणून पाढे आठवतात, जेवण मात्र नोंदलेंच जात नाहीं.

मेमँटीन हें औषध एनएमडीए ग्राहींवरील अतिरिक्त मारा अडवितें. डोनेपेझिलमुळें अ‍ॅसिटिलकोलीन हें दुसरें द्रव्य ग्राहींस अधिक वेळ उपलब्ध राहतें. दोहोंनीं कांहीं काळ उतार पडतो, रोग बरा होत नाहीं.

२०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार भारतांतील साठीपुढील लोकांपैकीं सुमारें ७.४ टक्के लोकांस स्मृतिभ्रंश आहे. 'अस्तु' या मराठी चित्रपटांत डॉ. मोहन आगाशे यांनीं रंगविलेले संस्कृत पंडित याच विकारानें ग्रस्त आहेत; तेव्हां विद्वत्ता हें त्यावरील कवच नव्हे. मात्र बी-१२ ची उणीव, थायरॉइडची मंदता, खिन्नता यांनींहि विस्मरण होतें व तें सुधारतां येतें. यास्तव "वयच झालें" म्हणून स्वस्थ न बसतां तपासणी लवकर करावी.

आणि घरांत वाद घालूं नये. "आतांच तर जेवलांत!" यापेक्षां वाटीभर ताक पुढें करणें बरें. सूनबाईंस तो प्रश्न दहाव्यांदा ऐकावा लागत असेल. आजोबा मात्र तो प्रत्येक वेळीं पहिल्यांदाच विचारीत असतात.