वाजवून पाहणं

उन्हाळ्याच्या तोंडाशी कुंभाराकडे माठ घ्यायला गेलात, तर थोडा वेळ नुसतं उभं राहून गिऱ्हाइकांकडे बघा. जाणती बाई माठाचा रंग आधी पाहत नाही. काठाला धरून ती माठ उचलते, कानाशी नेते आणि वाकवलेल्या बोटाच्या पेरानं दोनतीनदा टकटक करते. आवाज खणखणीत आला तर भाव विचारते. बद्द आला तर माठ मुकाट्यानं जागेवर ठेवून दुसरा उचलते.

माठ नीट भाजलेला असेल आणि कुठे तडा नसेल, तर ठोका बसताच त्याची सगळी भिंत एकसंध थरथरते आणि ती थरथर क्षणभर टिकते. तडा गेलेला असेल तर त्या जागी दोन्ही कडा एकमेकींवर घासतात, थरथरीचा जोर तिथेच जिरतो आणि आवाज उठता उठता बसतो. कच्च्या भाजलेल्या मातीचंही तसंच. डोळ्यांना न दिसणारी चीर कानाला सापडते ती अशी.

इंग्रजीत या सगळ्या ठोकाठोकीला पर्कशन असा एकच शब्द आहे. त्याचं मूळ लॅटिनमधल्या ‘पर्कुतेरे’ या क्रियापदात आहे. अर्थ, जोरानं ठोकणं, आघात करणं. डोक्याला मार लागून मेंदू हादरतो त्याला डॉक्टर कन्कशन म्हणतात, तो शब्दही याच कुळातला. पर्कशन हा शब्द वाद्यवृंदात भेटतो, दवाखान्यात भेटतो, बंदुकीच्या इतिहासात आणि खडक फोडण्याच्या यंत्रातही भेटतो. मराठीत आपण जागेप्रमाणे शब्द बदलतो: थाप, ठोका, टिचकी, आघात, ताडन. पण त्यातल्या सगळ्यात सुंदर अर्थासाठी आपल्याकडे एक अस्सल घरचा वाक्प्रचार आहे, वाजवून पाहणं. रुपया चांदीचा होता तेव्हा तो फरशीवर वाजवून घेत. फरशी बसवणारा गवंडी काम झाल्यावर हातोडीच्या दांड्यानं एकेक फरशी ठोकत जातो आणि खाली माल भरला नसेल तिथे पोकळ आवाज ऐकून खडूची खूण करतो. टणक वस्तूला ठोका द्यायचा आणि तिच्या पोटात काय आहे ते तिलाच सांगायला लावायचं, ही यातली युक्ती.

ठोक्याचे दोन उपयोग मात्र असे आहेत की तिथे आवाजाशी काही देणंघेणं नसतं, फक्त जोर हवा असतो. पहिला बंदुकीचा. जुन्या चकमकीच्या बंदुकीत घोडा दाबला की आधी ठिणगी पडे, कानातली दारू भडके आणि मग बार उडे. मधल्या क्षणात पक्षी सावध होऊन उडून जात. स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर फोर्साइथ या शिकारीची आवड असलेल्या पाद्रीबुवांनी यावर उपाय शोधला आणि १८०७ साली त्याचं पेटंट घेतलं. काही स्फोटक क्षार असे असतात की ते पेटवावे लागत नाहीत, नुसत्या ठोक्यानं उडतात. पुढे असा क्षार तांब्याच्या इवल्याशा टोपीत भरून ती टोपी बंदुकीवर बसवू लागले. या टोपीच्या बंदुकीला इंग्रजीत पर्कशन लॉक म्हणतात. १८५७ च्या उठावाशी जिचं नाव कायमचं जोडलं गेलं ती एन्फिल्ड रायफल याच जातीची. दिवाळीत लहान मुलं टिकल्यांची बंदूक उडवतात, तिचं तत्त्व हेच.

दुसरा उपयोग बोअरवेलचा. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात नुसतं फिरणारं पातं फार काळ टिकत नाही. म्हणून बोअरच्या गाडीचा हातोडा भोकाच्या तळाशी, थेट पात्याच्या मागे बसवलेला असतो. वरून दाबाची हवा सोडली की तो सेकंदाला अनेक ठोके देतो, पातं सावकाश फिरत राहतं आणि तीच हवा फुटलेल्या दगडाची करडी भुकटी वर उडवते. ती भुकटी ओली होऊन येऊ लागली की भोवती जमलेल्या घरच्यांचे चेहरे बदलतात.

आता संगीताकडे येऊ, कारण इथे ठोक्यातून सूर काढायचा आहे आणि ते काम वाटतं तितकं सोपं नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रानं वाद्यांचे चार वर्ग केले: तत, सुषिर, अवनद्ध आणि घन. तारांची ती तत, फुंकून वाजवायची ती सुषिर. इंग्रजीतल्या पर्कशनमध्ये उरलेले दोन्ही वर्ग येतात. चामड्यानं मढवलेली तबला, पखवाज, ढोलकी, संबळ, हलगी ही अवनद्ध आणि मुळातच भरीव असलेली टाळ, झांज, चिपळ्या, घंटा ही घन. मला यातला नावांचा फरक फार महत्त्वाचा वाटतो. पर्कशन हे नाव वाजवण्याच्या क्रियेवरून पडलं. अवनद्ध आणि घन ही नावं वाजणाऱ्या वस्तूच्या अंगावरून पडली. ठोका सगळीकडे सारखाच असतो, आवाज ठरतो तो ज्याच्यावर तो बसतो त्याच्यावरून. आपल्या नावांनी नेमकं तेच हेरलं आहे.

आणि त्या अंगावर आपल्या कारागिरांनी काय काम केलं ते तबल्याजवळ बसून बघावं. तबल्याची पुडी म्हणजे नुसतं ताणलेलं चामडं नव्हे. तिच्या काठाला चाट असते, तिच्या आत उघडं मैदान, ज्याला लव म्हणतात, आणि मधोमध काळी गोल शाई. शाई म्हणजे लोखंडाचा बारीक कीस आणि भाताची खळ यांचं मिश्रण. कारागीर त्याचा पातळ थर बोटानं पसरतो आणि गुळगुळीत दगडानं घासत बसतो. तो सुकला की त्यावर पुढचा थर, पुन्हा घासणं. थर मध्याकडे लहान होत जातात, त्यामुळे शाई मध्यावर जाड आणि कडेला पातळ होते. घासण्यानं तिला अगदी बारीक भेगा पडतात आणि त्या पडायलाच हव्यात. शाई एकसंध पापुद्र्यासारखी कडक झाली, तर खालचं चामडं मोकळेपणानं हलणारच नाही.

हा सगळा खटाटोप कशासाठी? तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वरही निघतात. कान त्यांना एकत्र करून एकच सूर ऐकतो. साध्या ताणलेल्या चामड्याचं तसं नसतं. त्याचा मूळ स्वर १०० कंपनांचा धरला, तर पुढचे स्वर साधारण १५९, २१४, २३० असे भलत्याच ठिकाणी पडतात. त्यांचं एकमेकांशी जमत नाही, म्हणून साध्या ढोलातून दणका निघतो, सूर निघत नाही. मध्यावर शाईचं वजन ठेवलं की ही कंपनं सरकतात आणि जवळपास १००, २००, ३००, ४००, ५०० अशा ओळीत येऊन बसतात. म्हणून तबला षड्जात मिळवता येतो.

हे मोजून दाखवलं सी. व्ही. रामन यांनी. १९२० साली शिवकाली कुमार यांच्याबरोबर त्यांनी ‘नेचर’मध्ये यावर टिपण लिहिलं आणि १९३४ साली सविस्तर निबंध. चामड्यावर बारीक वाळू भुरभुरून वाजवलं की जो भाग हलतो तिथली वाळू उडते आणि जो स्थिर राहतो तिथे तिच्या रेघा उमटतात. या रेघांवरून चामडं नेमकं कसं हलतं ते वाचता येतं. नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञाला तबला अभ्यासाच्या योग्यतेचा वाटला यापेक्षा मला दुसरी गोष्ट मोठी वाटते. रामन यांच्या कितीतरी आधी, कागदावर एकही आकडा न मांडता, कुणा कारागिरांनी केवळ कानाच्या भरवशावर तो थर बरोबर जमवला होता. त्यांची नावं आपल्याकडे नाहीत.

वाजवणाराही हेच शास्त्र बोटांत बाळगून असतो. ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या कडेला हलकेच टेकलेली असते आणि तर्जनी चाटेवर पडते. टेकलेल्या बोटानं मूळ कंपन दबतं आणि वरचे स्वर झळाळून उठतात. पूर्ण हात उचलून शाईवर बोट मारलं की तोच तबला ‘तूं’ असा खोल बोलतो. तबला मिळवायचा तोही ठोकूनच. पुडीच्या काठाभोवती विणलेल्या गजऱ्यावर वरून हातोडी मारली की स्वर चढतो, खालून मारली की उतरतो, आणि वर्तुळातली सोळाच्या सोळा घरं एका सुरात येईपर्यंत वादकाला चैन पडत नाही.

कानाची ही तालीम संगीताबाहेर जिथे सर्वांत जास्त उपयोगी पडली, ती जागा म्हणजे माणसाची छाती. ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावी १७२२ साली एका खानावळवाल्याच्या घरी लिओपोल्ड आउएनब्रुगर जन्मला. बापाच्या तळघरातली पिंपं ठोकून त्यांत दारू कुठवर आहे ते कळतं, हे त्यानं लहानपणी पाहिलं होतं असं सांगतात. पिंपाचा वरचा रिकामा भाग घुमतो, भरलेला भाग बद्द वाजतो. पुढे व्हिएन्नातल्या लष्करी रुग्णालयात डॉक्टर झाल्यावर त्यानं रुग्णांच्या छातीवर बोटांची टोकं जुळवून ठोकायला सुरुवात केली. मृतदेहांच्या छातीत पाणी भरून आवाज कुठे बदलतो ते पडताळलं. १७६१ साली त्यानं लॅटिनमध्ये जेमतेम शंभर पानांचं पुस्तक काढलं. निरोगी छातीचा आवाज त्यानं जाड लोकरी कापड पांघरलेल्या ढोलासारखा असतो असं म्हटलं. त्याचा कान संगीतातही मुरलेला होता, संगीतकार सालिएरीच्या एका संगीतिकेची संहिता त्याचीच. समकालीनांनी पुस्तकाची फारशी दखल घेतली नाही. नेपोलियनचे वैद्य कोर्विसार यांनी १८०८ साली त्याचं फ्रेंच भाषांतर केलं तेव्हा कुठे ही रीत पसरली. आउएनब्रुगर त्याच्या पुढच्याच वर्षी वारला.

आपल्याकडे या निरीक्षणाचं बीज जुनं आहे. चरकसंहितेत वायूनं फुगलेल्या पोटाचं वर्णन करताना, ठोकलं असता ते हवा भरलेल्या कातडी पिशवीसारखं वाजतं, असं सांगितलं आहे.

आजची पद्धत अशी. डॉक्टर डाव्या हाताचं मधलं बोट बरगड्यांच्या मधल्या जागेत घट्ट दाबून ठेवतात, बाकीची बोटं उचललेली. उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून मनगटातून त्यावर दोन ठोके देतात आणि लगेच उचलतात. बोट टेकून राहिलं तर आवाज मरतो, तबल्यावर मरतो तसाच. फुफ्फुसात हवा असते, म्हणून तिथे आवाज घुमतो. यकृत भरीव, तिथे बद्द. फुफ्फुसाभोवती पाणी साठलं असेल तर दगडावर ठोकल्यासारखा अगदी मेलेला आवाज येतो. जठरात वायू असतो, तिथे ढोलासारखा. पोटात पाणी झालं आहे का ते पाहण्याची रीत तर फार देखणी आहे. रुग्ण उताणा असताना कुशीकडे बद्द वाजतं, कारण पाणी खाली उतरलेलं असतं. त्याला एका कुशीवर वळवून थोडं थांबलं की वरची कूस घुमू लागते. पाणी सरकलं, आवाज सरकला.

हे स्वतःवर करून बघता येतं. उजव्या बाजूला गळपट्टीच्या हाडाखालून सुरुवात करून एकेक बरगडी खाली ठोकत या. पाचव्या-सहाव्या बरगडीच्या आसपास घुमणारा आवाज बसतो. तिथे तुमचं यकृत सुरू होतं.

सोनोग्राफीच्या काळात हे ठोकणं कमी झालं आहे आणि मला त्याची खंत वाटते. यंत्र जवळ नसलेल्या गावात, मध्यरात्री, दोन बोटं आणि एक तयार कान आजही छातीतलं पाणी ओळखू शकतात. म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी डॉक्टर तुमच्या किंवा तुमच्या घरच्या माणसाच्या पाठीवर ठोकू लागले, तर तेवढा वेळ खोकल्याची हकिगत सांगू नका, मोबाइल वाजू देऊ नका. त्यांना ऐकू द्या.