बंद पडला, की बंद झाला?

पंचविसावा रोजा होता. जोहरची, म्हणजे दुपारची नमाज आटोपून तिनं नानकटाईचा पहिला ट्रे ओव्हनमध्ये सरकवला. ईद पाच-सहा दिवसांवर आलेली, वहीत बावीस किलोंच्या ऑर्डरी लिहिलेल्या, आणि त्या पैशांवर मुलाच्या परीक्षेची फी अवलंबून. पंधरा मिनिटांनी काचेतून डोकावून पाहिलं, तर दिवा विझलेला आणि कॉइल काळी. स्वीच बंद करून थोड्या वेळानं पुन्हा लावला. ओव्हन सुरू झाला आणि दहा मिनिटांत परत गप्प. ट्रेमधलं तूप वितळलं होतं, पण मैदा भाजला नव्हता. सगळ्या नानकटाया पसरून एकमेकींना चिकटल्या.

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत मोहल्ल्यातल्या बऱ्याच घरांत अशी धांदल असते. पूर्वी हे काम बेकरीच्या भट्टीवर व्हायचं. मैदा, पिठीसाखर, तूप घेऊन जायचं आणि संध्याकाळी भाजलेला माल डब्यात भरून आणायचा. ईदच्या आधी मुसलमान घरांतले डबे रांगेत असत, दिवाळीत आणि मेच्या सुट्टीत हिंदू घरांतले. भट्टी तीच. विटांची भट्टी एकदा तापली की तासन् तास ऊब धरते. ओट्यावरचा ओव्हन पातळ पत्र्याचा. दहा मिनिटं वीज तुटली की आतली धग गेली. त्यात रोजा असल्यानं चव बघायची सोय नाही, सगळा भरवसा वासावर आणि रंगावर.

शेजारचा मुलगा स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला. "थर्मोस्टॅट गेलाय, चाची. डायरेक्ट करून देतो, मग बंदच होणार नाही," म्हणाला. तिला ते पटलंही असतं. पण घराचं वायरिंग ज्यानं केलं होतं, त्या वायरमनला तिनं आधी फोन लावला. तो म्हणाला, "भाभी, आधी त्याला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवायला सांगा. मी येईपर्यंत एवढंच बघा, बंद नेमकं काय होतंय? नुसता ओव्हन, बोर्डावरचा एमसीबी, की सगळं घर?"

निम्मी दुरुस्ती या एका प्रश्नात आहे.

ओव्हन लावताक्षणी एमसीबी खाली पडत असेल, तर आत कुठेतरी शॉर्ट झालेला असतो. तो तसा परत परत वर करू नये. दहा-पंधरा मिनिटांनी पडत असेल, तर त्या लाइनवर भार जास्त आहे. एमसीबीत धातूची एक पट्टी असते. जास्त वीज वाहू लागली की ती तापते, वाकते आणि स्वीच पाडते. म्हणून तिला वेळ लागतो. त्याच लाइनवर फ्रिज किंवा इस्त्री असेल, तर ती आधी बाजूला करून पाहावी.

सगळ्या घराची वीज तोडणारं आरसीसीबी नावाचं उपकरण पडत असेल, तर वीज पत्र्यात किंवा अर्थिंगमध्ये गळते आहे. वर्षातून एकदाच बाहेर निघणाऱ्या ओव्हनला हा त्रास जास्त. कॉइलच्या नळीत भरलेली पांढरी पूड पावसाळ्यात ओल धरते. जाणकाराकडून ती वाळवून घेता येते. पण आरसीसीबी काढून टाकणं किंवा प्लगची अर्थिंगची जाड पिन तोडणं हा उपाय नव्हे. हे उपकरण जीव वाचवण्यासाठी असतं.

तिच्या घरी एमसीबी जागच्या जागी होता, पंखा फिरत होता. म्हणजे दोष ओव्हनच्या आसपास होता. वायरमन आला आणि ओव्हनकडे न जाता त्यानं मेन स्वीच बंद करून वायर जिथं संपत होती तिथं हात लावला. ओव्हन एका एक्स्टेन्शन बोर्डावर लावलेला होता. प्लग चटका बसेल इतका तापला होता आणि एक पिन काळी पडली होती. हिशेब साधा आहे. १५०० वॉटचा ओव्हन २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर वीज ओढतो, आणि बोर्डाचं सॉकेट सहा अँपिअरचं. त्यात आतली पकड सैल झालेली. तापलं की संपर्क तुटायचा, निवलं की जुळायचा. त्यानं नवा प्लग बसवला आणि ओव्हन भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर घेतला. पहिले दोन ट्रे सुरेख निघाले.

तिसऱ्या ट्रेला ओव्हन पुन्हा बंद झाला. या वेळी प्लग थंड होता. वायरमननं टायमर पाहिला. तो स्प्रिंगचा असतो, वेळ संपली की ओव्हन बंद करतो. कमी मिनिटं लावायची असली तरी तो आधी पुढे फिरवून मग मागे आणावा लागतो, नाहीतर लवकर सुटतो. टायमर ठीक होता. मग त्याचं लक्ष वर गेलं. जागा नाही म्हणून तिनं भाजलेले ट्रे ओव्हनच्याच डोक्यावर रचले होते, आणि पाठ भिंतीला टेकली होती. काही ओव्हनमध्ये जादा तापलं की वीज तोडणारा एक कटआऊट असतो. निवल्यावर तो आपोआप जुळतो. ट्रे खाली आले, ओव्हन भिंतीपासून चार बोटं पुढे आला. अर्ध्या तासानं तो मुकाट्यानं सुरू झाला. एकदा बंद होऊन निवल्यावरही जो सुरू होत नाही, त्याचा थर्मल फ्यूज वितळलेला असू शकतो. तो त्याच मापाचा नवा बसवून घ्यावा आणि का वितळला तेही शोधावं.

शेजारचा मुलगा अजून तिथंच उभा होता. वायरमन त्याला म्हणाला, "डायरेक्ट केला असतास, तर थर्मोस्टॅटच उरला नसता. कॉइल तापतच राहिली असती. आणि खरा दोष त्या प्लगमध्ये होता. तो तसाच जळत राहिला असता." मग त्यानं ओव्हनचं बटण १८० अंशांवर ठेवून त्याला समोर बसवलं. काही वेळानं टक् आवाज झाला आणि लाल कॉइल काळी झाली. "हा बंद पडला नाही. बंद झाला. आत हवी तेवढी धग आली, म्हणून थांबला. निवला की पुन्हा लागेल."

जाताना त्यानं तिला आणखी एक सांगितलं. इफ्तारच्या सुमारास घरोघरी मिक्सर, पंखे, मोटारी चालू असतात. व्होल्टेज २०० वर आलं, तर ओव्हनची ताकद जेमतेम पाऊण उरते. तो बंद नसतो, पण मंद असतो. तेव्हा ट्रे लावायचे ते दुपारी, नाहीतर रात्रीच्या तरावीहनंतर.

शेवटचा ट्रे चाँदरातीला गेला. बाहेर गल्लीत पोरांचा गलका होता, आत वेलचीचा वास. मध्येच टक् आवाज झाला, कॉइल काळी पडली. तिनं स्वीचकडे हात नेला नाही. डबे पुसत राहिली. थोड्या वेळानं कॉइल आपसूक लाल झाली.