धूळ, धूर आणि सावली

अडीच मायक्रॉनहून बारीक कणाला नाकातले केस अडवू शकत नाहीत. तो थेट फुप्फुसात खोलवर उतरतो. भारतात त्याची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम, तर जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून अवघी ५!

पण असेच बारीक कण पृथ्वीवर सावलीही धरतात. जून १९९१ मध्ये फिलिपिन्सचा पिनाटुबो ज्वालामुखी फुटला आणि दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड स्थितांबरात गेला. त्यातून बनलेले सल्फेटचे थेंब ऊन परतवू लागले. पुढच्या वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. खालच्या हवेतले कण आठवडाभरात पावसाने धुतले जातात. स्थितांबरात पाऊसच नाही, म्हणून ही सावली दोनेक वर्षे टिकली.

काजळीची तऱ्हा उलटी. चुलीतली असो वा ट्रकची, ती ऊन शोषते आणि हवा तापवते.