वॉशिंग मशीन का नाचते? हादरे आणि आवाज कमी करण्याचे घरगुती उपाय

जालन्यात यंत्राच्या आवाजावर बोलायचं म्हटलं, की आधी एमआयडीसीतल्या रोलिंग मिल आठवतात. पण आज आपण घरातल्या यंत्राकडे बघणार आहोत. वरच्या मजल्यावर कपडे पिळायला लागले, की खालच्या घरात भांडी वाजतात, रात्रपाळी करून झोपलेला माणूस दचकून उठतो. आणि बोलाचाली सुरू होते. यातली बरीचशी भांडणं एका पान्याने आणि पाणसळीने मिटू शकतात. कशी, ते क्रमाने पाहू.

आधी हादरा येतो कुठून, हे समजून घेऊ. आपल्याकडे बियाण्यांच्या कंपन्या भरपूर. तिथे बी चाळण्याचं ग्रेडिंग मशीन तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. त्या चाळण्या हलाव्यात म्हणून तिथल्या फिरत्या दांड्यावर वजन किंवा चकती मुद्दाम एका बाजूला ठेवलेली असते. वॉशिंग मशीनमध्ये हेच काम आपले कपडे करतात, आपली इच्छा नसताना. ओला टॉवेल एका बाजूला गोळा झाला, की ड्रमचा तोल जातो.

जोर किती असतो? ड्रमची त्रिज्या 24 सेंटिमीटर धरा, एका बाजूला अर्धा किलो जास्त वजन धरा. मिनिटाला 800 फेऱ्या असतील तर ते अर्धा किलो सुमारे 85 किलोच्या वजनाइतकं बाहेर ओढतं. 1200 फेऱ्या केल्या तर सुमारे 190 किलो! वेग दीडपट, पण जोर सव्वादोन पट, कारण जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. शिवाय ही ओढ सेकंदाला 20 वेळा दिशा बदलते. म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे: स्पिनचा वेग कमी ठेवा. आपल्या उन्हाळ्यात गच्चीवर कपडे तासाभरात वाळतात, तिथे 1200 ची गरजच काय?

हा जोर जमिनीत जाऊ नये म्हणून मशीनमध्ये सोय केलेली असते. फ्रंट लोडमध्ये टब स्प्रिंगांवर टांगलेला असतो, खाली शॉक ॲब्सॉर्बर असतात आणि टबाला काँक्रीटचं जड वजन बांधलेलं असतं. मिलमध्ये यंत्राखाली जड पाया घालतात, तसाच विचार. जड वस्तू सहज हलत नाही. टॉप लोडमध्ये टब चार दांड्यांवर लोंबकळतो.

आता झोपाळा आठवा. बरोबर वेळेवर धक्का दिला की तो उंच जातो. टबालाही असा एक स्वतःचा वेग असतो, आणि स्पिन सुरू होताना ड्रम त्या वेगातून जातो. म्हणून सुरुवातीला काही सेकंद मशीन जास्त हलली तर घाबरू नका. पूर्ण वेगातही ती नाचत राहिली, तर मात्र कारण शोधायचं.

शोध असा घ्या.

एक: मशीन नवीन आहे आणि फ्रंट लोड आहे? मग मागचे वाहतुकीचे बोल्ट काढलेत का ते बघा. प्रवासात टब हलू नये म्हणून ते घट्ट आवळलेले असतात. ते तसेच राहिले तर स्प्रिंग असून नसल्यासारख्या. काढलेले बोल्ट जपून ठेवा, घर बदलताना लागतील.

दोन: लेव्हल. बाथरूमच्या फरशीला पाणी वाहून जावं म्हणून उतार असतो, त्यामुळे मशीन तिथे सरळ बसत नाही. गवंड्याची पाणसळ वर ठेवा, दोन्ही दिशांनी. समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबा. डुगडुगली तर पाय फिरवून उंची जुळवा आणि पायावरचा नट पक्का आवळा. तो सैल राहिला तर आठ दिवसांत पुन्हा तेच. विटेचा तुकडा, पुठ्ठा, चाकांचं स्टँड, हे नको.

तीन: कपडे. पाणी जपायचं म्हणून आपण एका फेरीत जास्त कोंबतो. आणि उलट, एकटी जाड चादर टाकली तर ती एकाच बाजूला बसते. जड कपड्याबरोबर दोन-चार हलके कपडे घाला. सेमी ऑटोमॅटिकच्या ड्रायरमध्ये कपडे कडेने सारखे पसरा आणि आतलं झाकण नीट दाबून बसवा. खडखड झाली तर ड्रायर पूर्ण थांबल्याशिवाय हात घालू नका. फिरत्या कपड्यात बोट अडकलं तर मोठी इजा होते.

चार: जागा. स्लॅबच्या मधोमध हादरा जास्त जाणवतो. भिंतीजवळचा कोपरा किंवा बीमवरची जागा बरी. मात्र मशीन भिंतीला टेकू देऊ नका, नाहीतर भिंतच आवाज पुढे नेते. पायाखाली रबराचे पॅड चालतात, पण कडक आणि न घसरणारे घ्या. फार मऊ रबर घातलं तर मशीन त्यावरच डोलते. आणि लेव्हल न करता पॅड घालून काही उपयोग नाही.

पाच: मशीन बंद करून रिकामा ड्रम हाताने फिरवा. घरघर आली किंवा ड्रम वरखाली हलला, तर बेअरिंग गेलं आहे. सील झिजलं की पाणी बेअरिंगपर्यंत पोचतं आणि गंज धरतो. हे काम मेकॅनिकचं. टणटण आवाज असेल तर आधी खिशातली नाणी शोधा.

नेहमी विचारला जाणारा एक प्रश्न: "वरच्यांच्या मशीनमुळे आमच्या भिंतीला तडे गेले का?" आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. ऋतूप्रमाणे कमीजास्त होणारा तडा असेल तर संशय आधी पायाखालच्या मातीवर घ्या आणि इंजिनिअरला दाखवा. शेजाऱ्यावर आरोप करण्याआधी एवढं जरूर करावं.

दुसरा प्रश्न कायद्याचा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. ही मर्यादा परिसरासाठी आहे, एकेका मशीनसाठी नाही. पण वेळ लक्षात ठेवण्यासारखी आहे. नळाला रात्रीच पाणी आलं तर ते भरून ठेवा, मशीन सकाळी लावा. सेमी ऑटोमॅटिक असेल तर धुणं रात्री उरका आणि ड्रायर तेवढा सकाळी चालवा. खालच्या घरात दहावीचं मूल किंवा आजारी माणूस असेल, तर वेळ विचारून घ्यायला दोन मिनिटं लागतात.