हेलसिंकी–टोकियो : साडेनऊ तासांचे तेरा तास
आकाशवाटा : लेखांक 7

पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणला की सर्वांत जवळची वाट कळते, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. आज तो दोरा हेलसिंकी ते टोकियो ताणू. फिनलंडमधून तो ईशान्येला चढतो, आर्क्टिक वृत्त जेमतेम ओलांडतो आणि सायबेरियावरून जपानकडे उतरतो. अंतर सुमारे 7,800 किलोमीटर, वेळ साडेनऊ तास. युरोपातून जपानला निघालेल्या प्रवाशाला हेलसिंकी वाटेतच पडतं, म्हणून फिनएअर कंपनीने वर्षानुवर्षं याच वाटेवर धंदा उभा केला.

पण त्या दोऱ्याचा बहुतेक भाग रशियावर पडतो. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, युरोपीय संघाने रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि रशियानेही तेच केलं. मार्चमध्ये टोकियोची विमानं पुन्हा सुटली ती तेरा तासांच्या प्रवासाला. नॉर्वे, स्वालबार्ड, थेट उत्तर ध्रुव, मग अलास्काच्या बाजूने पॅसिफिकवर उतरून जपान. परतताना बहुधा दक्षिणेची वाट : चीन, मध्य आशिया. वळसा तीन हजार किलोमीटरहून मोठा. इंधनही त्याच प्रमाणात जास्त जळतं आणि ते शेवटी तिकिटातूनच वसूल होतं.

ध्रुवावरून उडणं सोपं नसतं. जेट ए-1 इंधन उणे 47 अंशांच्या आसपास गोठू लागतं आणि बाहेरची हवा त्याहून कितीतरी थंड असू शकते. पंखांतल्या टाक्यांमधलं इंधन तासागणिक निवत जातं. वैमानिक त्याच्या तापमानावर नजर ठेवून असतात. ते फार उतरलं, तर विमान खालच्या, जरा उबदार हवेत आणतात किंवा वेग वाढवतात. चुंबकीय होकायंत्र इथे भरवशाचं राहत नाही. शिवाय एक इंजिन बंद पडलं, तर ठरलेल्या वेळेत गाठता येईल असा विमानतळ सतत टप्प्यात हवा, आणि त्या भागात विमानतळ फार थोडे.

ही वाट नवी मात्र नाही. 1957 साली एसएएस या स्कँडिनेव्हियन विमान कंपनीने कोपनहेगन–टोकियो सेवा ध्रुवीय मार्गाने सुरू केली, इंधनासाठी अलास्कातल्या अँकरेजला थांबून. सोव्हिएत आकाश तेव्हा बंदच होतं. 1983 मध्ये फिनएअरचं डीसी-10 हेलसिंकीहून ध्रुवावरून टोकियोला विनाथांबा पोचलं, तेही साधारण तेरा तासांत! सायबेरिया खुला झाला तेव्हा तास घटले, बंद झाला तेव्हा पुन्हा वाढले. या घटीचं श्रेय आपण सहज इंजिनांना देऊन टाकतो. मला ते परवानग्यांचंही वाटतं. चिनी कंपन्यांची विमानं 2022 नंतरही रशियावरून उडत राहिली आणि युरोपला लवकर पोचू लागली.

हे आपल्यापासून दूर नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली. तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला निघालेल्या विमानांना आधी दक्षिणेला अरबी समुद्राकडे यावं लागलं. मुंबईच्या विमानांना हा वळसा पुष्कळ कमी पडला. तो का, हे पुढच्या आठवड्यात नकाशा घेऊन पाहू.