पॉवर बँकेवरचा आकडा आणि प्रत्यक्षात मिळणारी वीज

खोक्यावर १०,००० मिलिअँपिअर-तास असा ठळक आकडा, किंमत सातशे ते बाराशे रुपयांच्या आसपास, आणि खिशात ५,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी असलेला फोन. ग्राहक मनातल्या मनात भागाकार करतो आणि फोन दोनदा पूर्ण भरेल असे गृहीत धरून पॉवर बँक विकत घेतो. प्रत्यक्षात फोन एकदा पूर्ण भरतो, दुसऱ्या वेळी निम्म्याच्या अलीकडेच पॉवर बँकेचे दिवे विझतात. दुकानदाराने फसवले अशी समजूत होते. काही वेळा ती खरी असते. पण बहुतेक वेळा फसवणूक झालेली नसते, तर आकड्याचा अर्थच ग्राहकाला कोणी सांगितलेला नसतो. या दोन गोष्टींतला फरक ओळखता येणे हा स्वस्त पॉवर बँक खरेदीतील कळीचा मुद्दा आहे.

या वस्तूची गरज आता चैनीची राहिलेली नाही. तिकीट, पैसे, ओळखपत्र हे सारे फोनमध्ये आल्यापासून फोन बंद पडणे म्हणजे प्रवाशाची अक्षरशः अडवणूक होते. मार्च २०२१ मध्ये पश्चिम रेल्वेने आगीच्या घटना टाळण्यासाठी रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत डब्यांतील चार्जिंगच्या सॉकेटचा वीजपुरवठा बंद ठेवण्यास सुरुवात केली, तेव्हा लांबच्या गाड्यांनी जाणाऱ्या अनेकांना पॉवर बँकेची आठवण झाली. आषाढी वारीत पायी चालणाऱ्या वारकऱ्यांच्या पिशवीतही ती आता दिसते. अशा ठिकाणी अर्ध्या वाटेत संपणारी पॉवर बँक हा केवळ पैशांचा प्रश्न राहत नाही.

सर्वप्रथम आकड्याविषयी. पॉवर बँकेच्या आत लिथियम-आयन किंवा लिथियम-पॉलिमर प्रकारचे सेल असतात. १९९१ मध्ये बाजारात आलेल्या आणि ज्याच्या घडणीसाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच तंत्राचे हे सेल होत. असा सेल पूर्ण भरलेला असताना त्याचा दाब सुमारे ४.२ व्होल्ट असतो, रिकामा होत जाताना तो ३ व्होल्टच्या जवळ येतो, आणि सरासरी म्हणून ३.७ व्होल्ट धरला जातो. खोक्यावरील १०,००० हा आकडा या ३.७ व्होल्ट दाबाला मोजलेला असतो. फोनकडे जाणाऱ्या यूएसबी तारेत मात्र वीज किमान ५ व्होल्टने द्यावी लागते. म्हणजे आकडा एका दाबाचा आणि वापर दुसऱ्या दाबाचा, अशी ही स्थिती आहे.

पाण्याच्या टाकीचे उदाहरण घेतले तर गोष्ट सोपी होते. मिलिअँपिअर-तास म्हणजे टाकीत किती पाणी आहे, तर व्होल्ट म्हणजे टाकी किती उंचीवर आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या टाकीतील हजार लिटर पाणी आणि तिसऱ्या मजल्यावरचे हजार लिटर यांत काम करण्याची ताकद सारखी नसते. पाण्याचे प्रमाण आणि उंची यांचा गुणाकार केला तरच खरी ताकद कळते. विजेच्या बाबतीत त्या गुणाकाराला वॉट-तास म्हणतात. १०,००० मिलिअँपिअर-तास म्हणजे १० अँपिअर-तास, त्याला ३.७ ने गुणले की ३७ वॉट-तास येतात. पॉवर बँकेत साठवलेली ऊर्जा ती एवढीच. हीच ऊर्जा ५ व्होल्टने बाहेर काढायची तर ३७ भागिले ५, म्हणजे ७.४ अँपिअर-तास. एक कणही वाया गेला नाही असे मानले, तरी दहा हजारांचे ७,४०० झाले.

आणि वाया तर जातेच. ३.७ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारे एक छोटे परिपथ पॉवर बँकेत असते. ते काम करताना तापते, आणि ती उष्णता साठ्यातूनच खर्च होते. परिपथाच्या दर्जानुसार ही घट साधारणपणे १० ते २० टक्के असते. त्यामुळे चांगल्या, प्रामाणिक बनावटीच्या १०,००० च्या पॉवर बँकेतून ५ व्होल्टला ५,५०० ते ६,५०० मिलिअँपिअर-तास एवढीच वीज बाहेर पडते. हा आकडा लपवलेला नसतो. पॉवर बँकेच्या पाठीवर किंवा खोक्याच्या तळाशी, सहज वाचता येणार नाही इतक्या बारीक अक्षरांत, 'रेटेड कपॅसिटी' या नावाने तो छापलेला असतो. दहा हजारांची ठेव आणि सहा हजारांची उचल, अशा या बँकेचा हिशेब पासबुकाच्या शेवटच्या पानावर लिहिलेला असतो, एवढेच.

घट इथेच संपत नाही. फोनमध्ये शिरलेली वीज पुन्हा त्याच्या बॅटरीला योग्य अशा दाबावर आणली जाते, तेव्हा आणखी १० ते १५ टक्के खर्ची पडतात. आजच्या बहुतेक फोनच्या बॅटरीचा सरासरी दाब ३.८५ व्होल्टच्या आसपास असतो. म्हणजे ५,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सुमारे १९ वॉट-तासांची झाली. पॉवर बँकेतून निघालेल्या ३१ वॉट-तासांपैकी सुमारे २७ वॉट-तास बॅटरीपर्यंत पोहोचतात. २७ भागिले १९ केले की उत्तर १.४ येते. चार्जिंग चालू असताना फोनवर चित्रपट पाहिला किंवा नकाशा सुरू ठेवला, तर तेही नाही. बिनतारी चार्जिंगच्या, फोनच्या पाठीला चिकटणाऱ्या पॉवर बँकांत ही घट याहून अधिक असते, कारण दोन वेटोळ्यांमधील हवेतून जाताना ऊर्जेचा आणखी बराच भाग उष्णतेत जातो. सोय मोठी आहे, पण साठा मोजून वापरणाऱ्याने तार वापरलेली बरी.

एवढे समजल्यावर खरेदीसाठी एक साधा आडाखा हाती येतो. छापील आकड्याच्या ६० ते ७० टक्के धरावे आणि त्याला आपल्या फोनच्या बॅटरीने भागावे. २०,००० च्या पॉवर बँकेने ५,००० चा फोन चार वेळा नव्हे, तर अडीच-पावणेतीन वेळा भरतो. दोन कंपन्यांच्या वस्तूंची तुलना करायची असेल तर वॉट-तास आणि रेटेड कपॅसिटी हे दोनच आकडे पाहावेत. पुढच्या बाजूचा मोठा आकडा तुलनेसाठी फारसा उपयोगी नाही. रेटेड कपॅसिटी कुठेच छापलेली नसेल, तर ती वस्तू परत ठेवणे हेच शहाणपणाचे.

आता खऱ्या फसवणुकीकडे वळता येईल. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, दिल्लीचे पालिका बाजार असो वा चेन्नईची रिची स्ट्रीट, आणि अर्थातच ऑनलाइन बाजार. 'तीनशे रुपयांत वीस हजार' अशी वस्तू दिसली तर तिच्यावर विश्वास ठेवण्याचे काहीच कारण नाही. येथे भौतिकशास्त्रच ग्राहकाच्या बाजूने साक्ष देते. स्वस्त पॉवर बँकांत पुष्कळदा १८६५० या नावाने ओळखले जाणारे नळकांडी सेल असतात. नावाचा अर्थ सरळ आहे: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. या आकाराच्या उत्तम सेलची क्षमतासुद्धा ३,५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास थांबते, आणि साधे सेल २,००० ते २,६०० चे असतात. असा एक सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. याचा अर्थ १०,००० साठी किमान तीन, आणि साध्या प्रतीचे घेतले तर चार सेल लागतात. त्यांचेच वजन दीडशे ते दोनशे ग्रॅम होते. त्यावर परिपथ आणि आवरण. म्हणून १०,००० ची पॉवर बँक हातात घेतल्यावर दोनशे ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजे, आणि २०,००० ची साडेतीनशे-चारशेच्या. चपटे पॉलिमर सेल थोडे हलके असतात, पण निम्मे नव्हेत. लिपस्टिकच्या आकाराच्या, एकाच सेलच्या पॉवर बँकेवर १०,००० लिहिलेले असेल तर ते निखालस खोटे आहे, हे तराजूशिवायही सांगता येते.

वजनाची परीक्षा मात्र एकाच बाजूने निर्णायक आहे. हलकी वस्तू निश्चित खोटी असते. जड वस्तू खरी असेलच असे नाही. बनावट पॉवर बँका उघडल्यावर वजन भरून काढण्यासाठी आत वाळू घातलेली आढळली आहे. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्यांमधून काढलेले, आयुष्य संपत आलेले सेल नवे आवरण चढवून विकण्याचाही धंदा चालतो. असे सेल दोन महिन्यांत दम तोडतात, आणि त्याहून वाईट म्हणजे ते फुगतात.

येथे प्रश्न पैशांचा न राहता जिवाचा होतो. भरलेल्या लिथियम सेलमध्ये आतल्या आत शॉर्ट सर्किट झाले, तर निर्माण झालेली उष्णता स्वतःच आणखी उष्णता निर्माण करत जाते आणि आग काही क्षणांत भडकते. अतिभार, अतिउष्णता आणि शॉर्ट सर्किट यांपासून संरक्षण देणारे परिपथ चांगल्या पॉवर बँकेत असते. खर्च वाचवायचा म्हटला की पहिली काटछाट नेमकी तिथे होते. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात गिम्हे विमानतळावर उभ्या असलेल्या एअर बुसानच्या विमानाला आग लागली. प्रवासी बचावले, पण विमान जळाले. पॉवर बँकेतील बिघाड हे संभाव्य कारण असल्याचे तपास अधिकाऱ्यांनी नंतर सांगितले. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळावर दिमापूरकडे निघालेले विमान धावपट्टीकडे जात असताना एका प्रवाशाच्या पॉवर बँकेने पेट घेतला. विमान कर्मचाऱ्यांनी ती आग तत्काळ विझवली. नामवंत कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत: २०२५ च्या जूनमध्ये रोमॉस आणि अँकर या दोन मोठ्या उत्पादकांनी सेलमधील दोषांच्या कारणावरून लाखो पॉवर बँका परत मागवल्या. फरक इतकाच की, नाव-पत्ता असलेला उत्पादक वस्तू परत मागवू शकतो. निनावी वस्तूला ते करणारे कोणी नसते.

भारतात पॉवर बँक ही सक्तीच्या नोंदणीतील वस्तू आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश २०१२ मध्ये निघाला आणि २०१४ च्या अधिसूचनेने पॉवर बँकांचा त्यात समावेश करण्यात आला. त्यानुसार वस्तूवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि 'आर' या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असणे आवश्यक आहे. ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाईल ॲपमध्ये तो क्रमांक घातला की नोंदणी कोणाच्या नावे आहे, कोणत्या वस्तूसाठी आहे आणि ती चालू आहे की नाही, हे कळते. ही तपासणी दुकानात उभ्या उभ्या एका मिनिटात होते. चिन्ह छापणे सोपे आहे, क्रमांक जुळवणे कठीण. म्हणून चिन्ह पाहून थांबू नये. मात्र ही नोंदणी सुरक्षेच्या मानकाची आहे, खोक्यावरील मोठ्या आकड्याची ती हमी नव्हे. खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत असणेही कायद्याने बंधनकारक आहे.

घरी आणल्यावर साठा मोजता येतो. तारेच्या मध्ये बसणारे यूएसबी मीटर काहीशे रुपयांत मिळते. पॉवर बँक पूर्ण भरून, मीटरमधून ती संपेपर्यंत फोन भरावा आणि मीटरवरील वॉट-तास पाहावेत. १०,००० च्या पॉवर बँकेसाठी २८ ते ३२ वॉट-तास आले तर वस्तू प्रामाणिक आहे. २० च्या खाली आले, तर पक्के बिल घेऊन तक्रारीला जागा आहे. मीटर नसल्यास उलट बाजूनेही अंदाज बांधता येतो: ५ व्होल्ट, २ अँपिअरच्या चार्जरवर रिकामी १०,००० ची पॉवर बँक भरायला साडेचार-पाच तास लागले पाहिजेत. ती तासाभरात 'पूर्ण' झाली, तर आत फारसे काही नाही असे समजावे. विक्रेत्याने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पण १०,००० ऐवजी ६,००० च मिळाले, अशी तक्रार तेथे टिकणार नाही, हे आतापर्यंतच्या हिशेबावरून लक्षात यावे.

विमानाने जाणाऱ्यांसाठी वॉट-तासांचा हिशेब आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक हातातील सामानात नेता येते, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, आणि त्यापुढे ती नेताच येत नाही. चेक-इन सामानात तर ती कधीच ठेवता येत नाही. बाजारात २७,००० च्या आसपासच्या पॉवर बँका दिसतात त्याचे कारण हेच: २७ गुणिले ३.७ म्हणजे ९९.९. ज्या वस्तूवर वॉट-तास छापलेलेच नाहीत किंवा आकडे पुसले गेले आहेत, ती सुरक्षा तपासणीत काढून ठेवली जाऊ शकते. अनेक विमान कंपन्यांनी २०२५ पासून उड्डाणादरम्यान पॉवर बँक वापरण्यासही मनाई केली आहे.

चांगली पॉवर बँकसुद्धा तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरून-रिकामी झाल्यावर आपल्या मूळ क्षमतेच्या सुमारे ८० टक्क्यांवर येते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ती ठेवली, तर त्याआधीच. महिनोन्‌महिने वापरायची नसल्यास ती निम्मी भरून थंड जागी ठेवावी. फुगलेली पॉवर बँक मात्र दाबून, टोचून पाहू नये आणि पुन्हा चार्जही करू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही. ई-कचरा संकलन केंद्राकडे द्यावी लागते, आणि तोवर कागद, कापड यांपासून दूर, फरशीवर ठेवावी.